नवीन कॉम्प्युटर, तीच जुनी वायर, पण नेट लागत नाही. मदत हवी (चोपडा)

सातपुडापायथा (चोपडा), शनिवार, संध्याकाळी ७:५०

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. सातबारा, शिष्यवृत्ती, केळीच्या विम्याचे अर्ज, आणि सध्या विद्यापीठाच्या परीक्षेचे फॉर्म. जुना कॉम्प्युटर विंडोज ७ चा, अकरा वर्षं चालला. आता बऱ्याच साइट त्याच्यावर उघडतच नाहीत, म्हणून पैसे साठवून जळगावहून नवा असेंबल करून आणला. विंडोज ११ तिथेच टाकून मिळालं.

काल दुपारी जोडला आणि तेव्हापासून नेट नाही. खाली कोपऱ्यात पृथ्वीचा गोळा दिसतो आणि त्यावर नकाराची खूण. हीच वायर काढून जुन्याला लावली की नेट लगेच चालू, म्हणजे लाईन ठीक आहे. नव्याला लावली की मागच्या खाचेजवळचा हिरवा दिवा लागतो, पण पुढे काही नाही.

माझ्याकडे राउटर नाही. केबलवाल्यांची फायबर भिंतीवरच्या डबीत येते आणि तिथून एक निळी वायर सरळ कॉम्प्युटरला. नव्यात वायफाय घेतलेलं नाही.

सोमवारी फॉर्मची शेवटची तारीख आहे. चौदा पोरांचे फॉर्म माझ्याकडे आहेत. मशीन परत जळगावला न्यायचं तर दिवस जातो, आणि उद्या रविवार. कुणी घरबसल्या सांगू शकेल का?

पांझराकाठ (धुळे), ७:५८

ताई, भिंतीवरच्या डबीचा प्लग काढून पाच मिनिटांनी लावा आणि कॉम्प्युटरही पूर्ण बंद करून चालू करा. आमच्याकडे निम्म्या वेळा तेवढ्यानेच होतं.

सातपुडापायथा, ८:२०

दोनदा केलं दादा. फरक नाही.

केळीबाग (रावेर), ८:३१

माझा संशय वायरीवर आहे. जुन्यावर चालते म्हणून वायर चांगली, असं धरू नका. या वायरीत आठ तारा असतात. जुनं लॅन कार्ड, म्हणजे नेटची वायर लागते तो भाग, १०० एमबीपीएसचं असेल तर त्याला फक्त चारच लागतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. नव्या मशीनचं कार्ड गिगाबिटचं, म्हणजे १००० एमबीपीएसचं असतं, त्याला आठही धड लागतात. उरलेल्या चारातली एखादी तुटली असेल तर जुन्याला कळणारही नाही, नव्याला मात्र लाईन धरता येत नाही. माझ्या मळ्यातल्या खोलीत उंदरांनी नेमकी तपकिरी जोडी कुरतडली होती आणि मी महिनाभर कार्डाला दोष देत होतो. दिवा लागून विझतो, पुन्हा लागतो, असं होतंय का?

सातपुडापायथा, ८:४०

नाही दादा, दिवा सलग लागलेला आहे. पण ही गोष्ट मला माहीत नव्हती, पुढे कामी येईल. वायर पूर्ण तपासली, कुठे चावल्याची खूण नाही.

भुसावळयार्ड (भुसावळ), ९:०५

ताई, मी रेल्वेच्या टेलिकॉममध्ये तीस वर्षं काढली. पहिलं सांगतो: एकाच वेळी चार उपाय करू नका. गाडी कुठे अडली हे कळायचं असेल तर स्टेशनवार विचारत जावं लागतं. भुसावळहून सुटली का? जळगावला पोचली का? पाचोरा सोडलं का? चाळीसगावला दिसली का? पाचोरा आलं आणि चाळीसगाव नाही, म्हणजे घोटाळा त्या दोघांच्या मध्ये. मग मनमाडला फोन करून उपयोग नाही.

तुमचं पहिलं स्टेशन म्हणजे मशीनला स्वतःचं लॅन कार्ड ओळखू येतं का. मागचा हिरवा दिवा एवढंच सांगतो की विजेने वायर जोडलेली आहे. विंडोजने कार्ड ओळखलं की नाही, हे त्यावरून कळत नाही. स्टार्टच्या बटणावर माऊसचं उजवं बटण दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात नेटवर्क अडॅप्टर्स नावाची ओळ आहे का बघा. आणि वर कुठे पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह असलेलं काही दिसतं का, तेही लिहा.

सातपुडापायथा, ९:२२

नाना, नेटवर्क अडॅप्टर्सच्या ओळीत ब्लूटूथ वगैरे काही नाही, फक्त वॅन मिनीपोर्ट अशी सात-आठ नावं आहेत. आणि अदर डिव्हाइसेसखाली "इथरनेट कंट्रोलर" आहे, त्यावर पिवळी खूण.

भुसावळयार्ड, ९:२६

सापडलं पहिलं स्टेशन. कार्ड जागेवर आहे, पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवायला लागणारा छोटा प्रोग्राम, नाही. गाडी अजून भुसावळहूनच सुटलेली नाही.

गिरणामाई (चाळीसगाव), ९:४४

हे नवीन असेंबल मशीनमध्ये पुष्कळदा होतं. विंडोज टाकताना त्याच्यासोबत हजारो ड्रायव्हर येतात, पण मदरबोर्डावरची (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डावरची) लॅन चिप विंडोजच्या त्या प्रतीपेक्षा नवी असेल तर तिचा ड्रायव्हर त्यात नसतो. मग गंमत अशी होते की ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटसाठी ड्रायव्हर लागतो. बोर्डाच्या खोक्यात सीडी असेल तरी आता सीडी ड्राइव्ह कोण बसवतं?

सुटका फोनने होते. ताई, अँड्रॉइड फोन असेल तर यूएसबीने कॉम्प्युटरला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग, त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. फोनचा डेटा सरळ कॉम्प्युटरला मिळेल.

एक काळजी मात्र घ्या. नेट लागल्या लागल्या सेटिंग्जमध्ये जाऊन ते कनेक्शन "मीटर्ड" करा. नाहीतर विंडोज मागच्या मागे आपले अपडेट उतरवत बसतं आणि दिवसाचा दीड जीबी अर्ध्या तासात संपतो.

सातपुडापायथा, १०:१०

भाऊ, फोन जोडला तर फक्त चार्ज होतोय. यूएसबी टेदरिंगचं बटण फिकट आहे, दाबताच येत नाही.

गिरणामाई, १०:१३

वायर कोणती आहे? बाजारातल्या बऱ्याच स्वस्त चार्जिंग वायरींत विजेच्याच दोन तारा असतात, डेटाच्या नसतात. फोनसोबत खोक्यात आलेली वायर शोधा.

सातपुडापायथा, १०:५५

मिळाली! आईच्या फोनच्या खोक्यात होती, कपाटाच्या वरच्या फळीवर. बटण लगेच चालू झालं आणि नव्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा साइट उघडली. फोटो काढून ठेवला मी.

मीटर्ड केलं. आता ड्रायव्हर कुठून घेऊ? शोधलं तर "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" असं म्हणणाऱ्या पंधरा साइट आल्या.

भुसावळयार्ड, ११:०२

त्यांच्याकडे फिरकू नका. तुमच्या दुकानात लोकांचे आधार, बँकेचे तपशील येतात. तसल्या प्रोग्रामसोबत काय काय घरात शिरतं याचा पत्ता लागत नाही.

बोर्डाच्या खोक्यावर मॉडेल छापलेलं आहे. ज्या कंपनीचा बोर्ड तिच्याच साइटवर जा, ते मॉडेल शोधा, सपोर्टमध्ये लॅन ड्रायव्हर मिळेल. काही एमबींचीच फाइल असते. चिप कुणाची याची खात्री करायची तर त्या पिवळ्या खुणेवर डबल क्लिक करा, डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी निवडा. त्यात "व्हीईएन" या अक्षरांपुढे चार अंक-अक्षरं असतात. १०ईसी असेल तर रिअलटेक, ८०८६ असेल तर इंटेल, १४सी३ असेल तर मीडियाटेक. पत्रावर पोस्टाचा शिक्का असावा तसं आहे ते, नाव नसलं तरी गाव कळतं.

सातपुडापायथा, ११:४०

नाना, १०ईसी होतं. बोर्डाच्या साइटवरूनच ड्रायव्हर घेतला, टाकला, मशीन पुन्हा चालू केलं. पिवळी खूण गेली. नेटवर्क अडॅप्टर्समध्ये कार्डाचं नाव आलं.

मग फोन काढला आणि निळी वायर लावली. पण आता "अनआयडेंटिफाइड नेटवर्क, नो इंटरनेट" असं लिहून येतंय. मला वाटलं होतं आता झालंच.

पांझराकाठ, ११:४६

ताई, धीर सोडू नका, अर्धं काम झालंय. विंडोजच्या शोधपट्टीत सीएमडी लिहा, काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग टाइप करून एंटर मारा. आयपीव्ही४ ॲड्रेस, म्हणजे मशीनचा नेटवरचा पत्ता, त्याच्यासमोर काय आकडा आहे?

सातपुडापायथा, ११:५२

१६९.२५४ ने सुरू होणारा. डिफॉल्ट गेटवेसमोर रिकामं.

भुसावळयार्ड, रविवार, सकाळी ६:१५

रात्री झोपलो होतो, आत्ता वाचलं.

१६९.२५४ हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मशीनने वायरीवर हाक मारली, "मला पत्ता द्या." कुणी उत्तर दिलं नाही. तेव्हा विंडोजने आपल्या मनाने स्वतःला एक पत्ता लावून घेतला. असा पत्ता दिसला की समजायचं, कार्ड चालतंय, ड्रायव्हर चालतोय, पण पलीकडून पत्ता मिळालेला नाही. म्हणजे गाडी भुसावळ सोडून निघाली आणि जळगावच्या आउटर सिग्नलला उभी आहे.

आता जुन्या मशीनला विचारायचं. तिला पत्ता कसा मिळतो? वायर जुन्याला लावा, तिथे काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, एक जागा सोडून तिरपी रेघ, मग ऑल. "डीएचसीपी एनेबल्ड" (म्हणजे पत्ता आपोआप मागून घेणं चालू) या ओळीसमोर येस आहे की नो?

सातपुडापायथा, ७:३०

नो आहे नाना. आणि आयपी १०.२० ने सुरू होतो, गेटवेही १०.२० चाच.

गिरणामाई, ७:४१

मग उत्तर मिळालं. तुमच्या केबलवाल्यांनी पत्ता हाताने लिहून दिलेला आहे. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी मुलगा आला असेल, आकडे टाकून गेला असेल, आणि तेव्हापासून कुणाला त्याची आठवणही नाही. जुन्या मशीनच्या पोटात ते आकडे राहिले. नव्या मशीनला कुणी सांगितलेच नाहीत.

जुन्यावरचे आयपी, सबनेट मास्क, गेटवे (केबलवाल्यांकडचं बाहेर जायचं दार), डीएनएस वहीत उतरवून घ्या. मग नव्यावर विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर दाबा, एनसीपीए डॉट सीपीएल लिहा. इथरनेटवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, आयपीव्ही४ वर डबल क्लिक, आणि तिथे हेच आकडे भरा. जुनी मशीन त्या वेळी वायरीवर नको. एका पत्त्यावर दोघं राहू शकत नाहीत.

सातपुडापायथा, ८:२५

भरले. आता आकडे बरोबर दिसतात, तरी नेट नाही. गेटवेला पिंग मारलं, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघितलं, तर "डेस्टिनेशन होस्ट अनरिचेबल", तिथवर पोचता येत नाही. कुठे चुकले? आकडे तीनदा ताडून पाहिले.

केळीबाग, ८:३३

ताई, मॅक बांधलेला असेल! आमच्या सावद्याच्या मित्राला हेच झालं होतं. प्रत्येक लॅन कार्डाला कारखान्यातूनच एक बारा अक्षरांचा नंबर येतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. लहान गावांतले बरेच केबलवाले आपल्याकडे नोंद करून ठेवतात, की हा आयपी फक्त या मॅकलाच. तुमच्या नोंदीत जुन्या कार्डाचा नंबर आहे. नवं कार्ड गेलं की दार उघडत नाही.

यावर सोपा उपाय आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड पानावर "नेटवर्क ॲड्रेस" म्हणून जागा असते. तिथे जुन्या कार्डाचा नंबर रेघा न देता लिहायचा. नवं कार्ड जुन्याच्या नावाने बोलेल. केबलवाल्यांना फोनही करावा लागत नाही.

भुसावळयार्ड, ८:५०

निदान अगदी बरोबर आहे दादा, पण उपायाला माझा विरोध आहे. दुकान आहे, घर नव्हे. उद्या जुनी मशीनही कधीतरी वायरीला लागेल आणि एकाच नंबरची दोन कार्डं एका लाईनीवर आली की दोघांचंही नेट झटके खात राहील. तेव्हा ताईंना आठवणार नाही की एका रविवारी आपण नंबर बदलला होता. शिवाय नोंदीत एक मशीन आणि प्रत्यक्षात दुसरं, हे लोकांची कागदपत्रं हाताळणाऱ्याच्या दुकानात नसावं. नोंद बदलून घ्यावी, तीच सरळ वाट.

केळीबाग, ८:५८

नाना, मान्य. मी सोमवारच्या तारखेच्या घाईने म्हटलं. केबलवाले आज फोन उचलणार नाहीत असं वाटलं.

सातपुडापायथा, ९:०४

थांबा, मी फोन करून बघते. नाही उचलला तर आजचे फॉर्म फोनच्या नेटवर भरेन, ते तरी आता चालतंय. पाच पोरं नऊपासून ओट्यावर येऊन बसली आहेत.

पांझराकाठ, ९:०८

फोन करण्याआधी नव्या मशीनवर आयपीकॉन्फिग ऑल काढून "फिजिकल ॲड्रेस"ची ओळ कागदावर लिहून घ्या. दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या असतात. फोनवर सांगताना बी आणि डी यांची फार गल्लत होते, म्हणून बी बदामचा, डी डाळिंबाचा असं सांगा.

सातपुडापायथा, १०:४०

उचलला फोन! दुसऱ्यांदा केल्यावर. त्यांच्या मुलाने सहाही जोड्या पुन्हा म्हणून घेतल्या, आणि बदाम-डाळिंब केलं म्हणून एक चूक तिथेच पकडली गेली. दोन मिनिटांत बदलून दिलं. गेटवेला पिंग मारलं, चारही उत्तरं आली. ८.८.८.८ ला (गूगलच्या सर्व्हरला) मारलं, तीही आली.

पण ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही. पुन्हा घाबरले आहे.

भुसावळयार्ड, १०:४३

घाबरू नका, गाडी चाळीसगावच्याही पुढे गेली. ८.८.८.८ ला उत्तर आलं म्हणजे बाहेरचं जग दिसतंय. आकड्याने जातं आणि नावाने जात नाही, तेव्हा एकच गोष्ट उरते, डीएनएस. आपण साइटचं नाव लिहितो, ते नाव कोणत्या आकड्याचं हे मशीन डीएनएसला विचारते. त्या चौकटीत खालच्या दोन जागा भरल्या का?

सातपुडापायथा, १०:४७

नाही. वरचे तीन आकडे भरले आणि ओके केलं. खालच्या दोन जागा रिकाम्याच राहिल्या. वहीत डीएनएस उतरवलेला आहे, भरायचा राहिला.

सातपुडापायथा, १०:५२

झालं. झालं. विद्यापीठाची साइट उघडली. पहिल्या पोराचा फॉर्म उघडून ठेवलाय आणि मी तुम्हाला लिहितेय. काय सांगू, कालपासून पोटात गोळा होता.

केळीबाग, १०:५५

बरं व्हयनं ताई! आते बठ्ठं चालू व्हई गयं.

गिरणामाई, ११:०३

आनंद झाला. एक गोष्ट आत्ताच बघून घ्या, कॉम्प्युटरची तारीख आणि वेळ. नव्या बोर्डाची तारीख कधी कधी मागची असते. साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालतं, आणि मशीनची तारीख त्याबाहेर असली की ब्राउझर "कनेक्शन खाजगी नाही" म्हणून अडवतो. माझ्या एका गिऱ्हाईकाने याच कारणासाठी नेटवाल्याला तीनदा घरी बोलावलं होतं. तसंच टाइम झोनही बघा, भारताचा आहे ना.

सातपुडापायथा, सायंकाळी ६:३०

तारीख बरोबर होती, टाइम झोन अमेरिकेचा निघाला, बदलला.

आज अकरा फॉर्म गेले. तीन पोरांचे फोटो मोठे होते, ती उद्या सकाळी येतील. एका मुलीच्या वडिलांनी शेतातून घड आणून दिला, नको म्हटलं तरी ठेवून गेले.

आता पुढचं विचारते. जुना कॉम्प्युटर झेरॉक्सच्या टेबलाजवळ ठेवायचा आहे, त्यालाही नेट हवंय. एका वायरीवर दोघं कसे?

पांझराकाठ, ६:५०

छोटा राउटर घ्या. केबलवाल्यांचे ते चार आकडे राउटरच्या वॅन बाजूला (बाहेरची वायर लागते तिकडे) भरा, आणि राउटरचा मॅक केबलवाल्यांना सांगून नोंदवून घ्या. मग आत किती मशीन लावल्या तरी बाहेरून एकच दिसतं, प्रत्येक नव्या मशीनला ही कसरत नको. नव्यावरचे हाताने भरलेले आकडे मात्र काढून "ऑटोमॅटिक" करायला विसरू नका, राउटर स्वतः पत्ते वाटतो.

भुसावळयार्ड, ७:१५

राउटर घ्याच. पण जुन्याला नेट देऊ नका ताई. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट २०२० च्या जानेवारीत थांबले. तुमच्याकडे लोक आधारकार्ड घेऊन येतात. त्याला स्कॅनर आणि प्रिंटरच्या कामाला ठेवा, फाइल पेनड्राइव्हने न्या, आणि तो पेनड्राइव्ह नव्यावर उघडण्याआधी तपासून घ्या. किंवा मशीनला झेपत असेल तर त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाका, मी सांगेन कसं.

सातपुडापायथा, ७:३२

समजलं नाना. नेटची वायर जुन्याला लावणार नाही. लिनक्सचं दिवाळीच्या सुट्टीत बघू, तुम्ही म्हणताय तर करूच.

राउटर कुठे ठेवू? आता जिथे डबी आहे ती पश्चिमेची भिंत आहे, मे महिन्यात हात लावता येत नाही इतकी तापते. मागच्या उन्हाळ्यात डबीचा अडॅप्टर दोनदा जळला.

केळीबाग, ७:४०

पश्चिमेच्या भिंतीवर नको. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा मी तर राउटर माठाच्या कोनाड्याशेजारी, ओल लागणार नाही एवढ्या अंतरावर ठेवतो. कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवू नका, खालून गरम हवा येते. वायर लांबवली तरी चालेल, १०० मीटरपर्यंत काही होत नाही.

सातपुडापायथा, ७:५५

मग उत्तरेच्या भिंतीला, फोटोंच्या खाली लावते. वायर वीस मीटर पुरेल.

आणि आयपी, मास्क, गेटवे, दोन्ही डीएनएस, नव्या कार्डाचा मॅक, केबलवाल्यांचा नंबर, सगळं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. कागदावर आजची तारीख टाकलीय.